काठ कोणाचा? हिंगोलीच्या जलाशयांलगतची घरे आणि त्यांचे व्यवहार

हिंगोली जिल्ह्यात पाण्याकाठच्या घराची गोष्ट निघते तेव्हा ते पाणी बहुतेक वेळा धरणाच्या जलाशयाचे असते आणि या एका वस्तुस्थितीतून तेथील घरांच्या खरेदी-विक्रीचे जवळजवळ सर्व प्रश्न उद्भवतात. निसर्गनिर्मित सरोवराचा काठ हजारो वर्षांत ठरत जातो. जवळच्या बुलढाणा जिल्ह्यातील, उल्कापातातून निर्माण झालेले आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत गेलेले लोणार सरोवर हे त्याचे उदाहरण होय. जलाशयाचा काठ मात्र शासनाने मोजणी करून, जमिनी संपादित करून आणि नदीला आडवी भिंत घालून ठरवलेला असतो. तो कोठे असावा हे एका कागदावर लिहिलेले असते, तो दर ऋतूत सरकतो आणि तो निर्माण होण्यापूर्वी त्या जागी कोणाची तरी शेते व घरे असतात. म्हणून येथे घर घेणाऱ्याला आधी दृश्य न पाहता कागद पाहावा लागतो, आणि तो कागद समजण्यासाठी धरणाचा व निजामकालीन जमीन महसुलाचा थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तिच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. जिल्ह्याच्या कडेकडेने तीन मोठे जलाशय पसरलेले आहेत. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाची भिंत परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात असली तरी त्याचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे नदीपात्रात वरपर्यंत पसरणारे पाणी, सेनगाव तालुक्याला भिडतो. त्याच नदीवर खालच्या अंगाला औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. आणि पैनगंगेवर, हिंगोली व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे ईसापूर धरण आहे. पहिली दोन धरणे पूर्णा प्रकल्पाचा भाग म्हणून १९६८ च्या सुमारास पूर्ण झाली, तर ईसापूर १९८० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नर्सी या तीर्थस्थानांमुळे, तसेच अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड महामार्गामुळे या पाण्याकाठी येणारा माणूस आता केवळ गावचा राहिलेला नाही. नोकरीतून निवृत्त होऊन गावाकडे परतू पाहणारा शिक्षक, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचा व्यापारी आणि पुण्यात नोकरी करणारा गावचाच मुलगा असे नाना प्रकारचे लोक येथे घराची किंवा घरापुरत्या जागेची चौकशी करताना दिसतात.

जलाशयाच्या कागदावर पाण्याच्या तीन पातळ्या असतात आणि घर घेणाऱ्याला त्या तिन्ही माहीत असणे आवश्यक आहे. धरण नेहमीच्या वापरासाठी पूर्ण भरले म्हणजे पाणी जेथवर येते ती पूर्ण संचय पातळी. मोठ्या पुरात दरवाजे उघडूनही पाणी काही काळ जेथवर चढू शकते ती महत्तम पातळी. आणि ज्याच्या खालचे पाणी कालव्यात सोडता येत नाही ती मृत साठ्याची पातळी. पहिल्या दोन पातळ्यांखाली येणारी जमीन बुडीत क्षेत्र म्हणून संपादित केली जाते आणि ती कायमची शासनाची होते. पाण्याची रेषा मात्र वर्षभर या पातळ्यांच्या दरम्यान वर-खाली होत राहते. भाद्रपदात जो बांध पाण्याला टेकलेला असतो त्याच्यापासून वैशाखात पाणी पाच-सहा शेते दूर गेलेले असू शकते, आणि उतार जितका सौम्य तितके हे अंतर मोठे असते. ईसापूरचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आणि येलदरीचा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर असून तो कालव्यांवाटे शेतीला व नळयोजनांना देऊन संपवणे हेच या धरणांचे काम आहे. काठावरच्या घरातून वर्षभर पाणी दिसावे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. सिद्धेश्वरची गोष्ट थोडी वेगळी आहे. येलदरीतून सोडलेले पाणी अडवून कालव्यांत वळवण्यासाठी ते बांधलेले असल्याने त्याच्या सुमारे २५० दशलक्ष घनमीटर एकूण साठ्यापैकी केवळ ८१ दशलक्ष घनमीटर इतकाच उपयुक्त आहे, बाकीचा मृत साठा आहे. त्यामुळे तेथे उन्हाळ्यातही डोळ्यांना पाणी दिसण्याची शक्यता अधिक राहते, मात्र पातळी कधी चढेल व कधी उतरेल हे वरच्या धरणातील विसर्गावर अवलंबून असते.

यावरून व्यवहाराचा पहिला नियम निघतो. विकणारा जागा दाखवतो तो दिवस बहुधा दिवाळीनंतरचा, पाणी भरपूर आणि गवत हिरवे असतानाचा असतो. घेणाऱ्याने तीच जागा मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा पाहावी, आणि ज्यांनी भर पावसाळ्यात दरवाजे उघडलेले असताना ती पाहिली आहे अशा शेजाऱ्यांना पाणी कोठवर आले होते ते विचारावे. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत हिंगोली जिल्ह्यातील अनेक गावांच्या शिवारात पाणी शिरले होते, आणि अशा एका रात्रीची आठवण कोणत्याही नकाशाइतकीच मोलाची असते. नकाशाही हवाच. नदीच्या पुरासाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखवली जाते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आहे आणि दोन रेषांच्या मध्ये जोते लाल रेषेच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर ते होऊ शकते. धरणाच्या वरच्या बाजूस घर घेणाऱ्याने संपादनाची हद्द पाहावी आणि खालच्या बाजूस घेणाऱ्याने पूररेषा पाहावी, असा यातील सोपा भेद आहे. दोन्ही नोंदी जलसंपदा विभागाकडे, म्हणजे येथे १९९८ साली स्थापन झालेल्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या संबंधित कार्यालयाकडे, लेखी अर्ज करून मागता येतात.

पाणी ओसरल्यावर जी काळी, ओलसर, गाळाने भरलेली जमीन उघडी पडते तिला गाळपेर जमीन म्हणतात, आणि काठाचा खरा मालक कोण हा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो. ती शासनाची असते. शासन ती दरवर्षी एका हंगामापुरती, एकसाली भाडेपट्ट्याने, पेरणीसाठी देते आणि देताना ज्यांची जमीन याच धरणात गेली त्या प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम असतो. त्यामुळे नव्या घराच्या ओसरीपासून पाण्यापर्यंत जो मोकळा पट्टा दिसतो तो मोकळा नसतो. तेथे हरभरा किंवा टरबूज लावणारा माणूस बऱ्याचदा त्याच जमिनीचा पूर्वीचा मालक किंवा त्याचा मुलगा असतो. त्याच काठावरून मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद, यांपैकी बरेच जण भोई समाजाचे, जाळी आणि होड्या घेऊन उतरतात, कारण जलाशयातील मासेमारीचा ठेका त्यांच्या संस्थेने घेतलेला असतो. गुरे पाण्यावर नेण्याची वाटही तेथूनच जाते. काठाला लागून जागा घेणाऱ्या अनेकांना खरेदीखतात लिहिलेल्या चतुःसीमेत पूर्वेस धरण असे शब्द दिसले की पाण्यापर्यंतची जागा आपली झाली असे वाटते आणि ते तारेचे कुंपण खाली ओढत नेतात. हे कुंपण कायद्याने अतिक्रमण ठरते, आणि ज्याने जलाशयासाठी एकदा सर्व काही दिले त्याची उरलेली वाटही ते अडवते. या जिल्ह्यातील काठाच्या व्यवहारांत याहून अधिक अन्यायकारक गोष्ट शोधूनही सापडणार नाही. जलाशयातून घरासाठी किंवा बागेसाठी पंप लावून पाणी उचलायचे झाल्यासही स्वतंत्र उपसा परवानगी लागते, ती जमिनीबरोबर आपोआप मिळत नाही. ईसापूरच्या बाबतीत आणखी एक थर आहे. जलाशयाचा काही भाग पक्षी अभयारण्य म्हणून घोषित असल्याने त्याच्या जवळपासच्या बांधकामाबाबत वनविभागाकडे विचारणा करणे अपरिहार्य ठरते.

काठ समजल्यावर घर म्हणजे काय हे ठरवावे लागते, कारण ग्रामीण भागात घर हा एकच शब्द चार निरनिराळ्या कायदेशीर वस्तूंना लावला जातो. पहिले गावठाणातील घर. गावठाण म्हणजे गावाच्या वस्तीसाठी महसूल नकाशात राखलेली जागा. दुसरा आखाडा, परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात शेतात बांधलेल्या, गुरे, अवजारे आणि माणूस यांना एकत्र सामावणाऱ्या वस्तीला हा शब्द आहे. तिसरे शेतघर, ज्याला शहरी माणूस फार्महाऊस म्हणतो. चौथा अकृषिक, म्हणजे बोलीतला एनए, भूखंड आणि त्यावरील बंगला. यांपैकी फक्त गावठाणातील घर आणि अकृषिक भूखंड यांची घर म्हणून स्वतंत्र विक्री होऊ शकते. आखाडा व शेतघर ही शेतीला जोडलेली असतात आणि ती विकत घेणे म्हणजे शेती विकत घेणे होय. शेतघरासाठी साधारणपणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, शेतजमीन असावी लागते. पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर फार्महाऊस म्हणून जे विकले जाते ते म्हणूनच संशयाने पाहावे. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा १९४७ चा कायदा महाराष्ट्रात लागू असून ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हिंगोलीसह बहुतांश जिल्ह्यांत जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान प्रमाण ठरवले गेले. शहरी व गावठाणालगतच्या क्षेत्रांसाठी त्यानंतर सवलती जाहीर होत आल्या आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम चालू आहे याची खात्री दुय्यम निबंधकांकडून, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, करून घ्यावी.

गावठाणातील घराचा कागद हा मराठवाड्यात फार दुबळा राहिला आहे. गावोगावी लोक ग्रामपंचायतीच्या नमुना क्रमांक ८ च्या उताऱ्याला मालकीचा पुरावा मानतात. वास्तविक हा उतारा म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही होय. कर कोणाकडून घ्यायचा एवढेच ती सांगते. महसूल खात्याचा गाव नमुना ८-अ हा वेगळाच दस्त असून तो खातेदाराच्या नावावरील शेतजमिनीची एकत्रित नोंद दाखवतो. दोन्हींच्या नावांतील सारखेपणामुळे पुष्कळांची फसगत होते. पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे खरेदीखत नाही, मोजणी नकाशा नाही, केवळ कब्जा आहे, अशी स्थिती सर्वसाधारण आहे. ती पालटण्यासाठी केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली, ज्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून प्रत्येक मिळकतीला मिळकत पत्रिका आणि धारकाला सनद दिली जाते. महाराष्ट्रात अशा मोजणीचा प्रायोगिक आरंभ त्यापूर्वीच पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे झाला होता. ज्या गावाची अशी मोजणी पूर्ण झाली आहे तेथील घर घेणे आणि जेथे ती झालेली नाही तेथील घर घेणे यांत मोठा फरक आहे, आणि किमतीतही तो दिसला पाहिजे.

शेतजमिनीसह घर घ्यायचे असेल तर मराठवाड्याचा वेगळा इतिहास पुढे उभा राहतो. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील कूळकायदा येथे लागू होत नाही, येथे आजही हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. ईसापूरच्या जलाशयावर तर एक विलक्षण स्थिती दिसते. त्याच्या दक्षिणेकडील हिंगोलीच्या काठावर हैदराबादचा १९५० चा कायदा चालतो आणि समोरच्या, एकेकाळच्या वऱ्हाडातील पुसदच्या काठावर विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा चालतो. पाणी एक, काठ दोन आणि कायदेही दोन. तपशील निरनिराळे असले तरी शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही हे तत्त्व दोन्हींत आहे. म्हणून शहरात वाढलेल्या खरेदीदाराने स्वतःच्या किंवा वडिलोपार्जित सातबाऱ्यावरील नावाचा पुरावा आधी शोधावा. तो नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, किंवा सरळ अकृषिक भूखंडाकडे अथवा गावठाणातील घराकडे वळावे.

सातबारा, म्हणजे जमिनीचा हक्क आणि पीकपाणी दाखवणारा उतारा, वाचताना खातेदाराच्या नावापेक्षा भूधारणा पद्धतीचा रकाना आणि इतर हक्क हा रकाना अधिक बोलका असतो. भोगवटादार वर्ग-१ म्हणजे बंधनाशिवाय विकता येणारी जमीन. वर्ग-२ म्हणजे शासनाने काही अटींवर दिलेली, जी परवानगी व नजराणा, म्हणजे शासनाला भरायची ठरावीक रक्कम, यांशिवाय विकता येत नाही. हिंगोलीत वर्ग-२ च्या जमिनी अनेक मार्गांनी आलेल्या आहेत. निजामकाळात देवस्थाने, मशिदी, दर्गे आणि सेवेकरी यांना दिलेल्या इनाम जमिनींना येथे अतियात हा शब्द चिकटलेला असून इनाम निर्मूलनासाठी १९५४ चा स्वतंत्र कायदा झाला. कमाल जमीनधारणा कायद्याखाली वाटलेल्या जमिनी आहेत, भूदानातल्या आहेत, संरक्षित कुळाने विकत घेतलेल्या आहेत. कुळाच्या जमिनींबाबत २०१४ च्या दुरुस्तीने सवलत मिळाली असून कुळाने जमीन खरेदी करून दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवर आणि पुनर्वसन कायद्याखाली लाभक्षेत्रात राखून ठेवलेल्या जमिनींवर हस्तांतरबंदीची नोंद इतर हक्कात असू शकते, आणि धरणाच्या परिसरात ही नोंद मुद्दाम शोधली पाहिजे. जुन्या फेरफारांचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचा, माग काढत गेल्यास १९५० च्या दशकातील खासरापत्रकापर्यंत आणि त्याहून मागे उर्दू व मोडी लिपीतील कागदांपर्यंत जावे लागते. अशा कागदाचे वाचन करणारा जाणकार शोधण्यात घालवलेले चार दिवस वाया जात नाहीत.

कळमनुरी, औंढा आणि परिसरात आंध या आदिवासी जमातीची मोठी वस्ती असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरी येथे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांनुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता, गहाण देता किंवा भाड्याने देता येत नाही, आणि विक्रीच्या बाबतीत ही मंजुरी देण्यापूर्वी राज्य शासनाचीही मान्यता लागते. १९७४ च्या कायद्याने तर १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्याची तरतूद केली. डोंगरउताराच्या, पाणी दिसणाऱ्या, तुलनेने स्वस्त जमिनी पुष्कळदा याच कुटुंबांच्या असतात. त्या स्वस्त असण्याचे कारण त्यांच्या विक्रीवरील हे बंधन असते, आणि ते बंधन गरिबाच्या हातात जमीन टिकावी म्हणूनच घातलेले आहे. वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याचा किंवा दुसऱ्याच्या नावावर घेण्याचा सल्ला देणारा मध्यस्थ भेटलाच तर त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवणे योग्य होय.

कागद शुद्ध असला तरी माणसे उरतात. गावाकडची मिळकत सहसा एका व्यक्तीची नसते. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, ताबा तीन भावांचा, वाटणी तोंडी, आणि बहिणींची नावे वारसा नोंदीत लागलेलीच नाहीत, असा प्रकार सर्रास आढळतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील समान हिस्सेदार, ठरवले आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क वडील त्या तारखेस हयात असण्यावर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. सासरी गेलेल्या बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र घेतल्याशिवाय भावकीतील मिळकत विकत घेणे म्हणजे पुढच्या दाव्याचे बीज पेरणे होय, आणि भावांनी बहिणीचा हिस्सा देऊन व्यवहार करणे हे न्यायाचेही आहे.

याहून कठीण प्रकार सावकारीचा आहे. नापिकीच्या वर्षी कर्जाच्या तारणासाठी शेतकरी खरेदीखत करून देतो, पैसे परत केल्यावर जमीन उलटून देण्याचे तोंडी ठरते, आणि पुढे ती जमीन सावकाराच्या नावावरून तिसऱ्या माणसाला विकली जाते. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली अशी मिळकत सावकारीतून गेल्याचे चौकशीत सिद्ध झाल्यास जिल्हा निबंधक ती मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतात, आणि मागच्या पंधरा वर्षांतील व्यवहारांपर्यंत ही चौकशी जाते. म्हणून विकणाऱ्याच्या नावावर जमीन अलीकडेच आली असेल तर त्याच्या आधीच्या मालकाला भेटावे. तो आजही त्याच शेतात औत धरत असेल तर उत्तर समोरच उभे आहे.

या सर्व पायऱ्या ओलांडल्यावर प्रत्यक्ष व्यवहार साधाच असतो. बोलणी झाल्यावर इसार, म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम, देऊन इसारपावती किंवा सौदाचिठ्ठी केली जाते. सौदाचिठ्ठीने मालकी मिळत नाही; मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून किंवा मुखत्यारपत्र घेऊन घरे विकण्याची पद्धत खेड्यांत अजून चालते, तथापि ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यवहाराला विक्री मानण्यास नकार दिला आहे. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड पाहून घ्यावेत आणि मग रजिस्ट्रीसाठी जावे. ग्रामपंचायत हद्दीतील मिळकतीवर मुद्रांक शुल्क साधारण ३ टक्के आणि जिल्हा परिषदेचा अधिभार १ टक्का असतो. ते शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील, बोलीभाषेत रेडी रेकनरमधील, किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर आकारले जाते. नोंदणी फी एक टक्का, परंतु ३०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. निवासी घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. खरेदीखतानंतर तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, फेरफार नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस जाऊन हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. फेरफार मंजूर होऊन नव्या नावाचा सातबारा हाती येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.

विकत घेतलेली वास्तू जुनी असेल तर तिच्या बांधणीकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. या भागातील पारंपरिक घर दगड-मातीच्या जाड भिंतींचे आणि माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेल्या सपाट छताचे, असते. उन्हाळ्यात ते अतिशय थंड राहते आणि त्याचे सौंदर्यही निर्विवाद आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच घरांचे जड छत आणि सुटे दगड माणसांच्या अंगावर कोसळून हजारो बळी गेले, आणि हिंगोली जिल्हा भूकंपाला अपरिचित नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी येथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, त्याआधीही वसमत, औंढा व कळमनुरीच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज आणि हादरे जाणवत आले आहेत. जुना वाडा घेणाऱ्याने भिंतींना आडवे पट्टे, कोपऱ्यांना बांधणी आणि छताचा भार कमी करणे यांचा खर्च किमतीत धरावा. नव्या बांधकामात काळ्या मातीचा प्रश्न असतो. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि जलाशयालगत ती दरवर्षी दोन्ही करते, त्यामुळे पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावा लागतो.

जलाशयाकाठच्या घरांचा मोठा बाजार महाराष्ट्राने पाहिला तो पुणे जिल्ह्यात, पवना, मुळशी, पानशेत आणि वरसगाव यांच्या काठी. वरसगाव जलाशयावरील लवासा प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आयुष्यभराची बचत घालून तेथे घर घेतलेल्यांना त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला, घर मात्र अनेकांना मिळाले नाही. हिंगोलीत त्या प्रमाणावर काही नाही. येथील व्यवहार एकेका शेताचे, एकेका घराचे आहेत आणि ते तसेच संथ असण्यात लाभ आहे. तरीही औंढ्याजवळील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चासह मंजूर केल्यापासून या परिसराचे नाव दूरवर पोचले आहे, आणि जेथे नाव पोचते तेथे भूखंडांचे रंगीत माहितीपत्रकही पोचते. भूखंड पाडून विकण्याचा प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असल्यास त्याची महारेरा, म्हणजे मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे, नोंदणी असावी लागते. ती नसेल तर माहितीपत्रक कितीही सुबक असले तरी इसार देऊ नये.

विकणाऱ्याच्या बाजूनेही एक हिशेब आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. काठावरची जमीन विकून आलेल्या पैशातून मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण किंवा कर्जफेड होते, परंतु त्या पैशात तेवढीच जमीन पुन्हा घेता येत नाही, कारण आसपासचे भाव त्याच्याच व्यवहाराने चढलेले असतात. ज्या कुटुंबाची निम्मी जमीन साठ वर्षांपूर्वी येलदरीत किंवा चाळीस वर्षांपूर्वी ईसापुरात गेली, त्याच्यापाशी उरलेली निम्मी आता दृश्यामुळे मौल्यवान ठरली आहे, आणि तिच्या किमतीवर पहिला हक्क त्याचाच आहे. अशा शेतकऱ्याने सर्व क्षेत्र एकदम न विकता गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतील भाग जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली रूपांतरण कर भरून अकृषिक करून घ्यावा, त्यातला काही भाग स्वतः विकावा आणि उरलेल्या शेतीत हळद, हरभरा करत राहावे, हा मार्ग कायद्यात उपलब्ध आहे. त्याने विकलेल्या घराच्या खरेदीखतात गुरांची व मच्छीमारांची पाण्यावर जाण्याची वाट वहिवाटीचा हक्क म्हणून शब्दांत लिहिता येते, चतुःसीमेत धरण या शब्दाऐवजी संपादन हद्दीच्या दगडाचा उल्लेख करता येतो, आणि पाणी ओसरल्यावर खालच्या गाळात पेरणी करायला येणाऱ्याचे येणे-जाणे त्या दस्तात नोंदवून ठेवता येते.